चिकुनगुन्या : ताप आठवड्याचा, सांधे महिन्यांचे. खान्देशात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस उतरणीला लागला की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या दवाखान्यांत माणसं भिंतीला हात लावत, पाय ओढत आत येऊ लागतात. वय पस्तीस-चाळीस, चाल मात्र सत्तरीची. तक्रार सगळ्यांची एकच : "ताप गया, पन हातपाय दुखतस." तापाबद्दल बरंच सांगितलं जातं, मागे राहणाऱ्या दुखण्याबद्दल कोणी धड बोलत नाही. म्हणून इथे त्याच्यावर जास्त लिहिलं आहे.

काल संध्याकाळपर्यंत ठणठणीत होतो, आज खाटेवरून उतरता येत नाही. चिकुनगुन्याच का?

शक्यता मोठी आहे. हा ताप हळूहळू चढत नाही. दुपारी माणूस कामावर असतो आणि रात्री १०२-१०३ ताप भरून हुडहुडी सुरू होते. सोबत सांधे धरतात, तेही दोन्ही बाजूंचे : मनगटं, बोटांची पेरं, घोटे, गुडघे. सकाळी मूठ वळत नाही, चहाचा कप उचलवत नाही, घोट्यांवर सूज दिसते. दुसऱ्या ते पाचव्या दिवशी अंगावर लालसर पुरळ येऊ शकतं. डोकेदुखी, पाठदुखी, मळमळ, डोळे लाल होणं हेही असतं. बाधित डास चावल्यापासून ताप यायला साधारण ३ ते ७ दिवस जातात, कधी १२ पर्यंत.

एकच सांधा लाल, गरम आणि टरटरून सुजला असेल, हात लावू देत नसेल, तर मात्र ते वेगळं प्रकरण समजा. सांध्यात पू झाल्याची ती खूण असू शकते. त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा.

डेंग्यू की चिकुनगुन्या, घरच्या घरी ओळखता येतं का?

अंदाज बांधता येतो, खात्री देता येत नाही. दोन्ही विषाणू एकाच जातीच्या डासातून येतात, एकाच मोसमात येतात, आणि कधीकधी एकाच माणसाला एकदम होतात. चिकुनगुन्यात सांध्यांचा मार जास्त आणि सूज दिसते. डेंग्यूत अंगदुखी आणि डोळ्यांच्या मागची कळ जास्त, पण सांध्यांवर सूज सहसा नसते. डेंग्यूचा खरा धोका ताप उतरताना असतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप कमी झाला, घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि त्याच वेळी पोटात जोराची कळ, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, हातपाय गार पडणं, अस्वस्थपणा किंवा गुंगी सुरू झाली, तर घरी थांबायचं नाही. १०८ ला फोन करा.

सातपुड्याच्या पट्ट्यात, म्हणजे धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, शहाद्याचा डोंगराळ भाग, यावल-चोपड्याचे पाडे, इथे आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. पहिली मलेरिया. कोणत्याही तापात मलेरियाची तपासणी आधी, साथ कसलीही असो. दुसरी सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार. भिल्ल, पावरा समाजात हा आजार बराच आढळतो, आणि त्यात ताप, हातपाय ठणकणं, सांधे सुजणं हे सगळं चिकुनगुन्यासारखंच दिसतं. घरात सिकलसेलचा रुग्ण असेल आणि त्याला ताप आला, तर "साथ आहे, होईल बरं" म्हणून पोराला झोपवून ठेवू नका. सिकलसेलचं कार्ड घेऊन थेट रुग्णालयात जा.

रक्त कधी तपासायचं? पहिल्याच दिवशी केलं तर निगेटिव्ह आलं.

यायचंच. सर्रास केली जाणारी आयजीएम तपासणी शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं शोधते, आणि ती तयार व्हायला पाच-सहा दिवस जातात. पहिल्या आठवड्यात विषाणू प्रत्यक्ष शोधायचा तर आरटी-पीसीआर करावी लागते. डेंग्यूची एनएस१ मात्र पहिल्या पाच दिवसांतच कामाची.

उलट घोटाळाही होतो. आयजीएम एकदा पॉझिटिव्ह आली की काही महिने तशीच दिसू शकते. श्रावणात चिकुनगुन्या होऊन गेलेल्याला दिवाळीत ताप आला आणि रिपोर्ट पुन्हा पॉझिटिव्ह निघाला, तर तो जुनाच हिशेब असू शकतो. नवा ताप कसला, हे नव्याने शोधायला हवं. अशाच अर्धवट रिपोर्टचा दुसरा नमुना म्हणजे विडाल, टायफॉइडसाठी केली जाणारी रक्ततपासणी. गावोगावच्या लॅबमध्ये प्रत्येक तापाची विडाल होते, ती किंचित पॉझिटिव्ह येते, आणि चिकुनगुन्याचा रुग्ण टायफॉइडची इंजेक्शनं घेत बसतो. एकट्या विडालवर टायफॉइड ठरवू नये, हे डॉक्टरांना ठाऊक असतं. प्रश्न विचारायला मात्र तुम्ही कचरू नका.

गोळी कोणती घ्यायची?

पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाने ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची एक गोळी सहा-सहा तासांनी, आणि दिवसभरात सगळं मिळून ३ ग्रॅमच्या आत. दारू पिणाऱ्याने, यकृताचा आजार असलेल्याने डॉक्टरांना विचारूनच. मुलांचा डोस वजनावर ठरतो, मोठ्यांची गोळी मोडून अर्धी देऊ नका.

मेडिकलवरून "अंगदुखीची गोळी" म्हणून जे मिळतं त्यात बहुतेक वेळा डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन किंवा तत्सम काही असतं. गुण लवकर येतो, हे खरं. पण डेंग्यू नाही हे पक्कं होईपर्यंत ती घ्यायची नाहीत, कारण डेंग्यूत त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. ॲस्पिरिनचंही तेच. हृदयासाठी ॲस्पिरिन सुरू असलेल्यांनी ती आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना फोन करावा.

विषाणू मारणारं औषध चिकुनगुन्यासाठी नाही. ॲन्टिबायोटिकचा उपयोग नाही.

सलाईन लावली की लवकर बरं वाटतं ना?

तोंडाने पाणी जात असेल तर सलाईनची गरज नसते. ताक, भाताची पेज, लिंबूपाणी, ओआरएस पुरतं. उलट्या थांबत नसतील, लघवी कमी झाली असेल तर सलाईन हवी, आणि तेव्हा ती दवाखान्यातच हवी, घरी खुंटीला बाटली टांगून नाही.

पेशी (प्लेटलेट) कमी झाल्या आहेत. पपईचा पाला, ड्रॅगन फ्रूट, किवी?

चिकुनगुन्यात पेशी थोड्या उतरतात, धोक्याच्या पातळीपर्यंत क्वचितच जातात. फार घसरल्या तर डेंग्यूचा संशय घ्यायचा. एरवी दोनशे रुपयांच्या किवीपेक्षा यावल-रावेरची केळी खा. पोटही भरतं.

ताप गेला, पुरळ गेलं. मग नाकावर हा काळा डाग कसला?

चिकुनगुन्यानंतर नाकावर, गालांवर, कधी कपाळावर काळपट डाग उमटतात. आपल्याकडच्या रुग्णांत हे इतकं नेमाने दिसतं की जुने डॉक्टर नाकाकडे पाहूनच निदान करतात. दुखत नाही, खाजत नाही, काही आठवड्यांत ते महिन्यांत फिकट होतं. गोरं करणारी मलमं लावू नका. त्यांतल्या काहींत स्टेरॉइड असतं आणि कातडी कायमची बिघडते. केस गळणंही याच सुमारास सुरू होतं, तापानंतर दोन-तीन महिन्यांनी. पुन्हा येतात.

ताप चार दिवसांत गेला. महिना झाला तरी सांधे का दुखतात?

इथून खरा आजार सुरू होतो, असं म्हटलं तरी चालेल. डॉक्टर चिकुनगुन्याचे तीन टप्पे धरतात. पहिले तीन आठवडे तीव्र टप्पा. तीन आठवडे ते तीन महिने मधला. तीन महिन्यांनंतरही दुखणं राहिलं तर जुनाट. बहुतेक लोक पहिल्या दोन टप्प्यांत मोकळे होतात. पण मागे राहणाऱ्यांची संख्या लहान नाही. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत आकडे बरेच खालीवर आहेत, तरी तीनांत एकाला कित्येक महिने त्रास राहतो, असं धरून चालायला हरकत नाही. काहींना वर्ष-दोन वर्षं.

विषाणू रक्तातून आठवडाभरात जातो. सांध्यांच्या अस्तरात आणि स्नायुबंधांच्या आवरणांत पेटलेली सूज मात्र तेवढ्या वेळात विझत नाही. म्हणून हे दुखणं लाटांनी येतं. आठ दिवस बरं, मग पावसाळी हवेत, गार पाण्यात हात घातल्यावर किंवा दिवसभर राबल्यावर परत धरतं. सकाळी ताठरपणा जास्त, ऊन चढलं की सैल. "सकाळी म्हातारी, दुपारी तरणी" असं एका आजींनी सांगितलं होतं. इतकं नेमकं वर्णन पुस्तकात वाचलेलं नाही.

कोणाला जास्त दिवस छळतो?

चाळिशी-पंचेचाळिशीच्या पुढच्यांना, बायकांना जास्त, आधीपासून गुडघेदुखी किंवा संधिवात असलेल्यांना, मधुमेहींना, आणि पहिल्या आठवड्यात ज्यांना फार जोराचा मार बसला त्यांना. बायकांच्या बाबतीत आणखी एक कारण मला दिसतं, ते कुठल्या तपासणीत येत नाही. ताप उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या कळण्याच्या भाकरी थापायला आणि पाणी भरायला उभ्या राहतात. नवरा मात्र खाटेवर पंधरा दिवस.

दुखणं फक्त सांध्यांत राहतं का?

नाही. काय काय होऊ शकतं ते माहीत असलं म्हणजे घाबरगुंडी उडत नाही.

टाचा दुखतात, विशेषतः सकाळची पहिली पाच पावलं. मनगटात सूज येऊन नस दाबली जाते आणि रात्री अंगठा व पहिल्या दोन बोटांत मुंग्या येतात, हातातलं भांडं सुटतं. गार पाण्याने बोटं पांढरी पडतात. थकवा तर असा की थोडं चाललं तरी बसावंसं वाटतं. झोप नीट लागत नाही. आणि मन खचतं. "मी आता काही पहिल्यासारखा होत नाही" असं धडधाकट शेतकरी म्हणू लागतो, चिडचिडा होतो, माणसांत बसेनासा होतो. घरचे त्याला आळशी ठरवतात. दीर्घ दुखण्यासोबत येणारी ही उदासी खरी आहे, तिच्यावर उपचार आहेत, आणि त्याबद्दल डॉक्टरांशी बोलणं यात कमीपणा नाही.

डोळ्यांचं वेगळं सांगतो. तापानंतर काही आठवड्यांनी डोळा लाल होऊन दुखणं, उजेड सहन न होणं, धुरकट दिसणं किंवा नजरेसमोर डाग तरंगणं यांतलं काहीही झालं तर नेत्रतज्ज्ञाकडे त्याच दिवशी जा. डोळ्याच्या आत सूज येऊ शकते. मेडिकलवरून थेंब आणून आठवडा घालवला तर नजर जाऊ शकते.

क्वचित मेंदूला सूज येते, किंवा पायांपासून वर चढत जाणारी कमजोरी येते. दुखण्यामुळे पाय उचलवत नाही आणि ताकदच नसल्यामुळे उचलत नाही, यांत फरक आहे. दुसरं असेल, गुंगी असेल, झटका आला असेल, तर तातडीने रुग्णालय.

तीन महिने झाले. आता हा कायमचा संधिवात झाला का?

बहुतेकांत नाही. चिकुनगुन्यानंतरची सूज लांबते, पण बऱ्याच जणांत सांध्याचं हाड न झिजवता निघून जाते. मात्र तीन महिन्यांनंतरही सकाळचा ताठरपणा तासभर राहत असेल आणि सांधे प्रत्यक्ष सुजलेले असतील, तर संधिवाताची रक्ततपासणी करून घ्या. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी ही त्यांची नावं. काही जणांत आधीच दबून असलेला आमवात या निमित्ताने वर येतो, काहींत चिकुनगुन्याचीच सूज तसं रूप घेते. तिथे हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन, मेथोट्रेक्सेट अशी औषधं तज्ज्ञ देतात. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी आहे. रोज घेतली तर जिवावर बेतते. चिठ्ठीवर वार लिहून घ्या आणि घरातल्या शिकलेल्या पोराला दाखवून ठेवा. गरोदर बाईने ती घ्यायची नाही.

एका ठिकाणी इंजेक्शन घेतलं, तासात चालायला लागलो. मग तेच का घेऊ नये?

तासात चालवणारं ते इंजेक्शन बहुधा स्टेरॉइडचं असतं. बिननावाच्या पुडीत आणि काळ्या गोळीतही बऱ्याचदा तेच निघतं. पहिल्या आठवड्यात, विषाणू रक्तात असताना, स्टेरॉइड घेतलं तर शरीराची लढाईच मंदावते, आणि गुण उतरला की दुखणं दुप्पट जोराने परतून येतं. मग माणूस दर चार दिवसांनी त्याच दाराशी. सहा महिन्यांत तोंड सुजतं, साखर वाढते, रक्तदाब वाढतो, हाडं ठिसूळ होतात. मधुमेहीला तर एकाच इंजेक्शनने साखर चारशेच्या पुढे गेल्याचं सहज दिसतं. चार गावं ओलांडून, मध्य प्रदेशच्या हद्दीत जाऊन अशा पुड्या आणणारे पाहिले की वाईट वाटतं. दुखण्याने हैराण झालेल्या माणसाला दोष तरी काय देणार.

मधल्या किंवा जुनाट टप्प्यात तज्ज्ञ कधी थोड्या दिवसांसाठी कमी मात्रेत स्टेरॉइड देतात, मोजून, आणि हळूहळू कमी करत बंद करतात. नाव, मात्रा आणि शेवटची तारीख कागदावर लिहिलेली हवी. लिहून द्यायला तयार नसेल त्याच्याकडून घेऊ नका.

मालिश, शेक, व्यायाम?

ताप आणि सूज असताना जोराची मालिश नको. त्या दिवसांत गार पाण्याची पट्टी सांध्यावर बरी वाटते. ताप उतरून सूज ओसरू लागली की कोमट शेक. तिळाचं तेल लावून हलका हात फिरवायला हरकत नाही, सांधा मोडून "मोकळा" करणाऱ्यांपासून लांब राहा.

पडून राहिल्याने सांधे आखडतात. ताप गेल्यावर लगेच हालचाल सुरू करायची, वजन न घेता. सकाळी घमेल्यात कोमट पाणी घ्या, त्यात हात बुडवून मूठ हळू वळा-उघडा, दहा-बारा वेळा. मनगट गोल फिरवा. खाटेवर बसून घोटे वरखाली करा, गुडघा सरळ करून पाच आकडे मोजा. दुखलं तरी चालेल, पण ते दुखणं तासाभरात ओसरायला हवं. ओसरलं नाही तर उद्या कमी करा.

उकिडवं बसणं सगळ्यात जड जातं. शौचालयात बसता येत नाही म्हणून म्हातारी माणसं पाणी पिणंच कमी करतात, आणि मग मुतखडा, लघवीची आग हे नवं सुरू होतं. मध्ये भोक असलेली कमोड खुर्ची बाजारात मिळते, सुताराकडून लाकडी करून घेतली तरी चालते. टाचदुखीला मऊ तळव्याची एमसीआर चप्पल, घरातही. विळा-खुरप्याच्या मुठीला जुनी सायकलची ट्यूब गुंडाळून जाड केली की बोटांवर ताण कमी येतो.

कापूस वेचणीला कधी जाता येईल?

खान्देशातला हा सगळ्यात अडचणीचा प्रश्न. साथीचा भर ऑगस्ट ते नोव्हेंबर, आणि वेचणी दसऱ्यापासून पुढे. म्हणजे बोटं धरलेली असतानाच बोटांचं काम. ताप गेल्यावर किमान दोन आठवडे तरी थांबा. मग अर्धा दिवस, उन्हं चढल्यावर, दर तासाला बोटं सैल करत. सबंध दिवस कंबरेत वाकून वेचणी केली आणि दोन दिवस खाटेवर पडलात तर मजुरी तितकीच होते. केळीचे घड वाहणाऱ्यांनी, हमालीचं काम करणाऱ्यांनी निदान महिनाभर ओझं टाळावं. हे सांगणं सोपं आणि पाळणं अवघड, याची कल्पना आहे. मुकादमाशी आधी बोलून हलकं काम मागणं एवढंच हातात असतं.

वांगं, आंबट, उडीद बंद करू का?

भरिताच्या वांग्याने चिकुनगुन्या वाढत नाही. जे पचतं ते खा. तापात तोंडाला चव नसते, तेव्हा मुगाचं वरण, मऊ भात, ताक, अंडी. मटणाचा रस्सा पचत असेल तर चालेल, तेलाची तर्री काढून.

कोंबडी खाल्ल्याने होतो का? एकाचं दुसऱ्याला लागतं का?

नाही आणि नाही. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरच्या पोल्ट्र्यांत बर्ड फ्लू निघाला आणि त्याच वर्षी चिकुनगुन्याची साथ आली, त्यामुळे गोंधळ व्हायला वाव होता. दोन्ही विषाणू पूर्णपणे वेगळे. चिकुनगुन्या माणसाकडून डासाला आणि डासाकडून माणसाला जातो. रुग्णाच्या ताटात जेवल्याने, शेजारी झोपल्याने होत नाही. पण पहिल्या आठवड्यात रुग्णाच्या रक्तात विषाणू भरपूर असतो, म्हणून त्या दिवसांत त्याला दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवा. तो घरातल्या डासांना चावायला मिळाला नाही तर पुढची साखळी तुटते.

मी गरोदर आहे. बाळाला धोका आहे का?

सुरुवातीच्या महिन्यांत झाला तर सहसा बाळापर्यंत जात नाही. धोक्याची वेळ प्रसूतीची. कळा सुरू व्हायच्या सुमारास आईला ताप असेल, तर जवळपास निम्म्या बाळांना विषाणू जातो. अशी बाळं जन्मतात ठणठणीत, आणि तिसऱ्या ते सातव्या दिवशी ताप येतो, दूध सोडतात, पुरळ येतं, काहींना झटके येतात. म्हणून शेवटच्या दिवसांत ताप आलेल्या बाईची प्रसूती नवजात बाळांची सोय असलेल्या रुग्णालयात करा आणि तिसऱ्या दिवशी घरी जायची घाई करू नका. अंगावरचं दूध पाजायचं थांबवू नका, दुधातून हा आजार जात नाही.

चिकुनगुन्याने माणूस दगावतो का?

क्वचित, साधारण हजारात एक किंवा त्याहून कमी. त्यांत बहुतेक वयस्क, हृदयाचे, मूत्रपिंडाचे, मधुमेहाचे रुग्ण आणि नवजात बाळं. पण नोंदी पूर्ण खरं सांगत नाहीत. २००६ च्या साथीत अहमदाबादेत ऑगस्ट ते नोव्हेंबर या चार महिन्यांत नेहमीपेक्षा जवळपास ३ हजार मृत्यू जास्त झाल्याचं नंतरच्या अभ्यासात दिसलं. दाखल्यावर कारण म्हणून चिकुनगुन्या नव्हता. घरातल्या आजोबांचा ताप "साथीचाच आहे" म्हणून सोडून देऊ नका, एवढाच त्याचा अर्थ.

एकदा झाला की परत होतो?

एकदा होऊन गेला की बहुधा जन्मभराचं संरक्षण मिळतं. परत धरलेले सांधे म्हणजे जुन्याच दुखण्याची लाट. डेंग्यूचं तसं नाही, त्याचे चार प्रकार आहेत आणि दुसऱ्या वेळचा जास्त घातक ठरू शकतो.

ही साथ अचानक येते कुठून आणि वर्षानुवर्षं गायब का होते?

विषाणूची पहिली ओळख १९५२-५३ च्या साथीत, आजच्या टांझानियात पटली. भारतात तो १९६३ मध्ये कोलकात्यात दिसला, १९७३ मध्ये महाराष्ट्रात बार्शीला मोठी साथ आली, आणि मग तीसेक वर्षं जवळजवळ शांतता. २००५ च्या अखेरीस तो परतला, या वेळी आफ्रिकी वंशाचा. २००६ मध्ये आपल्या शेजारचं मालेगाव त्याने झोडपलं, देशभरात संशयित रुग्ण १३ लाखांच्या वर गेले. एवढ्या लोकांना एकदम झाला की बहुतेकांत प्रतिकारशक्ती तयार होते आणि विषाणूला नवी माणसं मिळेनाशी होतात. पंधरा-वीस वर्षांत नवी पिढी येते, बाहेरगावहून माणसं येतात-जातात, आणि पुन्हा भडका उडतो. सुरतेला कामाला असलेली आपली निम्मी गावं कानबाईला आणि दिवाळीला घरी येतात. येताना अंगात ताप असेल तर विषाणूही सोबत प्रवास करतो.

आमच्याकडे नळाला दहा-बारा दिवसांनी पाणी येतं. साठवू नका म्हणता, मग प्यायचं काय?

साठवा. साठवू नका असं खान्देशात सांगणाराने इथे एक उन्हाळा काढलेला नसतो. फक्त डासाची पद्धत समजून घ्या. पायावर पांढरे पट्टे असलेला हा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो, गटारात नाही. मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला चिकटवते. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी भरलं की फुटतात. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस. म्हणून नुसतं पाणी ओतून देणं पुरत नाही. पाणी यायच्या आदल्या दिवशी ड्रम, रांजण, पिंप रिकामं करून आतली भिंत नारळाच्या शेंडीने घासायची, उन्हात वाळवायची, मग भरायची. भरल्यावर तोंडावर जुन्या सुती साडीची दुहेरी घडी दोरीने घट्ट बांधा. झाकणाला फट असली तर झाकण नसल्यासारखंच. मोठा हौद रिकामा करता येत नसेल तर आरोग्य केंद्रातून गप्पी मासे आणून सोडा. आशाताई टाकतात ते अळ्या मारणारं अबेट औषध ठरलेल्या मात्रेत पाण्याला बाधक नाही, त्यांना दारातून परत पाठवू नका.

गच्चीवरच्या टाकीच्या हवेच्या नळीला जाळी, गुरांच्या डोणीला आठवड्याला घासणी, टायर आणि फवारणीच्या औषधांचे रिकामे डबे उचलून बाजूला. फ्रिजच्या मागचा ट्रे कोणालाच आठवत नाही, तो बघा.

आणि कूलर?

पंचेचाळीस अंशांच्या या मुलखात कूलर घरोघरी आहे आणि डासांची सगळ्यात मोठी शाळा तोच. उन्हाळ्यात निदान पाणी हलतं, बदलतं. जूनमध्ये पाऊस पडला की माणूस बटण बंद करतो आणि तळातलं चार बोटं पाणी दिवाळीपर्यंत तसंच राहतं. मोसम संपला की पाणी काढा, टाकी घासा, गवताच्या जाळ्या फेकून द्या. त्यांच्यावरही अंडी असतात.

धूर मारणारी गाडी आली की डास जातात ना?

उडणारे थोडे मरतात, अळ्यांना काही होत नाही. त्यातून एडिस घरात, कपड्यांच्या मागे, पलंगाखाली बसतो, आणि आपण धूर नको म्हणून दारं-खिडक्या लावून घेतो.

लस निघाली आहे का?

परदेशात दोन लशींना मंजुरी मिळाली, पहिलीला अमेरिकेत २०२३ मध्ये. तिच्यानंतर काही ज्येष्ठांत गंभीर त्रास दिसल्याने ऑगस्ट २०२५ मध्ये तिथला परवाना स्थगित झाला. आपल्या सरकारी लसीकरणात चिकुनगुन्याची लस नाही. कोणी "चिकुनगुन्याचं इंजेक्शन" देत असेल तर ते काय आहे ते विचारा.

आमच्या गल्लीत एकदम पाच-सात घरांत ताप आहे. कोणाला सांगायचं, आणि सगळ्यांचं रक्त तपासायचं का?

आशाताई किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरला त्याच दिवशी सांगा, त्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवतात. ग्रामसेवकालाही कळवा, कारण कंटेनर सर्वेक्षण आणि टाक्यांची सफाई ग्रामपंचायतीशिवाय होत नाही. साथ कसली हे ठरवायला काही मोजक्या रुग्णांचे नमुने पुरतात. ते तपासायची सोय ठरलेल्या सरकारी रुग्णालयांत मोफत असते, आणि त्यासाठीचे संच पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडून येतात. एकदा गल्लीत चिकुनगुन्या नक्की झाला की तीच लक्षणं असलेल्या प्रत्येकाने खाजगी लॅबमध्ये पैसे घालवायची गरज नाही, उपचार तेच राहतात. गरोदर बाई, लहान बाळ, सिकलसेल किंवा मधुमेहाचा रुग्ण, आणि ज्याचा ताप पाच दिवसांनंतरही हटत नाही, यांची तपासणी मात्र करायचीच.